खर्च झाला, पण वजावट मिळाली नाही: छोट्या व्यावसायिकाच्या हिशेबातील दरवर्षीचा दोष कसा शोधावा

हिशेबवर्ष संपले की छोट्या व्यावसायिकांकडून दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते. वर्षभर पैसा खर्च झाला, हातात फारसे काही उरले नाही, तरी कागदावरचा नफा प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त निघाला आणि त्यावर कर भरावा लागला. कोल्हापुरात माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, हँडबिले अशी कामे आम्ही करतो, आणि पहिली काही वर्षे ही तक्रार माझीही होती. विवरणपत्र भरणाऱ्याने नीट लक्ष दिले नाही, अशी माझी समजूत होती. पुढे एका वर्षी बँकेचे उतारे, बिलांची पिशवी आणि रोजकीर्द, म्हणजे रोजच्या रोख जमाखर्चाची वही, समोर घेऊन मी स्वतः एकेक नोंद तपासली, तेव्हा कळले की हातून गेलेली जवळजवळ प्रत्येक वजावट पैसे दिले त्याच दिवशी गेलेली होती. पैसे कसे दिले, कोणत्या खात्यातून दिले आणि त्याची पावती कोणी ठेवली, यावरच सगळे ठरलेले होते. त्यामुळे पुढील तपासणी विवरणपत्रापासून न करता पैसे देण्याच्या क्षणापासून केली आहे.

कलमांच्या क्रमांकांविषयी आधी एक खुलासा करतो. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि ‘कर निर्धारण वर्ष’ या शब्दाऐवजी ‘कर वर्ष’ हा शब्द आला आहे. आपल्या सर्वांच्या तोंडी मात्र अजून जुनेच क्रमांक आहेत, आणि २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांना जुनाच कायदा लागू असल्यामुळे येथे तेच वापरले आहेत.

आपण कोणत्या पद्धतीत आहोत?

खर्चाची वजावट का मिळाली नाही असे विचारणाऱ्यांपैकी अनेकांच्या बाबतीत तो प्रश्नच लागू होत नसतो, कारण त्यांचे विवरणपत्र कलम ४४एडी खाली, म्हणजे अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने, भरलेले असते. या पद्धतीत रोखीच्या उलाढालीवर ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या उलाढालीवर ६ टक्के, किंवा प्रत्यक्षात जास्त असेल तर तो जास्त, नफा धरला जातो. भाडे, पगार, वीज, अगदी घसारासुद्धा (यंत्र, संगणक अशा वस्तूंच्या किमतीतून दरवर्षी वजा होणारा भाग) त्यातच आला असे कायदा मानतो. समजा एखाद्या दुकानाची उलाढाल ३८ लाख रुपये आहे, त्यातील ३० लाख बँकेतून आणि ८ लाख रोखीने आले, तर किमान नफा १ लाख ८० हजार अधिक ६४ हजार, म्हणजे २ लाख ४४ हजार रुपये होतो. येथे एकेका बिलाची वजावट मागण्याची सोय नाही आणि गरजही नाही. जपायचे असते ते उलाढालीचे विभाजन. रोखीचे किती आणि बँकेतले किती, हे दाखवता आले नाही तर ६ टक्क्यांचा लाभ टिकवणे अवघड होते.

ही सोय २ कोटींपर्यंतच्या उलाढालीला आहे, आणि रोख जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ३ कोटींपर्यंत. कमिशन किंवा दलालीवर चालणाऱ्या व्यवसायाला ती मिळत नाही, त्यामुळे बाजार समितीतील अडत्याने शेजारच्या किराणा दुकानदाराचे पाहून हा मार्ग धरू नये. वकील, डॉक्टर, वास्तुविशारद, अभियंता अशा व्यावसायिकांसाठी कलम ४४एडीए वेगळे असून तेथे निम्मी जमा हे उत्पन्न धरले जाते.

खरा नफा ६ किंवा ८ टक्क्यांहून कमी असेल तर ही पद्धत सोडता येते, पण हा निर्णय घाईने घेऊ नये. एकदा ही पद्धत स्वीकारून पुढच्या पाच वर्षांत ती सोडली, तर नंतरची पाच वर्षे ती पुन्हा मिळत नाही, आणि त्या काळात एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल तर पुस्तके ठेवून लेखापरीक्षणही करून घ्यावे लागते. एका वर्षीच्या मंदीमुळे ही पद्धत सोडणाऱ्याने पुढच्या पाच वर्षांच्या लेखापरीक्षणाचा खर्चही त्याच कागदावर मांडून पाहावा.

येथेच आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नव्या कर प्रणालीत वजावटी मिळत नाहीत असे सरसकट सांगितले जाते. आयुर्विमा हप्त्यासारखी कलम ८०सी ची किंवा आरोग्यविम्याची ८०डी ची वजावट नव्या प्रणालीत जाते, हे खरे आहे. दुकानाचे भाडे, कामगारांचा पगार, कच्चा माल, यंत्राचा नेहमीचा घसारा हे व्यवसायाचे खर्च आहेत आणि ते नफा काढतानाच वजा होतात, त्यामुळे ते दोन्ही प्रणालींत मान्य असतात. हा फरक न कळल्यामुळे ‘आता बिले ठेवून उपयोग काय’ असे म्हणून बिले टाकून देणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

रोकड शिल्लक सर्वांत आधी तपासा

प्रत्यक्ष खर्चावर हिशेब ठेवणाऱ्यांनी दोष शोधताना सुरुवात रोजकिर्दीपासून करावी. सर्व रोख नोंदी तारखेप्रमाणे लावाव्यात आणि प्रत्येक दिवसअखेरची शिल्लक काढावी. वर्षातून एकदा ३१ मार्चची शिल्लक पाहणे पुरेसे नसते, कारण वर्षाच्या मध्ये घडलेली चूक अखेरच्या आकड्यात दडून जाते.

एखाद्या दिवशी शिल्लक उणे दिसली, तर याचा अर्थ गल्ल्यात नसलेले पैसे आपण खर्च केल्याचे लिहिले आहे. त्याची कारणे बहुधा चार असतात. खर्चाची नोंद पैसे दिल्याच्या तारखेऐवजी बिलाच्या तारखेला केलेली असते. बँकेतून काढलेली रोख रोजकिर्दीत जमा केलेली नसते. रोखीची विक्री लिहायची राहिलेली असते. किंवा मालकाने घरातून पैसे आणून कामगारांचा पगार केलेला असतो आणि ते भांडवल म्हणून जमा धरलेले नसतात. चारही कारणांची दुरुस्ती वेगळी आहे, म्हणून आधी खरे कारण शोधावे आणि मगच नोंद बदलावी. उणे शिल्लक झाकण्यासाठी कोणाच्या तरी नावावर हातउसने पैसे दाखवण्याची सवय अत्यंत घातक आहे. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि पैशाचा स्रोत पटवून देता आला नाही तर २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांसाठी त्या रकमेवर ६० टक्के कर, त्यावर अधिभार आणि उपकर मिळून सुमारे ७८ टक्के आकारणी होते. दोनशे रुपयांची न सापडलेली पावती परवडते, असली नोंद परवडत नाही.

याच्या उलट स्थितीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही, आणि माझ्या अनुभवाने हरवलेली वजावट नेमकी तेथेच सापडते. पुस्तकात ३ लाख रुपये रोख शिल्लक दिसते आणि गल्ल्यात प्रत्यक्षात ४ हजार असतात. मधले पैसे कोठे गेले? काही घरखर्चात गेले, म्हणजे ती मालकाची उचल झाली आणि तिची वजावट मिळणार नाही. उरलेले टेंपोवाल्याला, हमालाला, घडी घालणाऱ्या आणि बाइंडिंग करणाऱ्या बायकांना, छपाईच्या प्लेट आणणाऱ्या मुलाला, चहाला आणि दुरुस्तीला गेले. ते सगळे खरे व्यवसायाचे खर्च होते, पण लिहिलेच नाहीत. आमच्याकडे लग्नसराईच्या तीन महिन्यांत अशी गळती सर्वांत जास्त होत असे, कारण त्याच दिवसांत लिहायला कोणाला सवड नसे.

या किरकोळ खर्चासाठी पक्के बिल मिळत नाही, हे कारण पुरेसे नाही. आपण स्वतः व्हाउचर करावे. त्यावर तारीख, घेणाऱ्याचे नाव, कामाचे स्वरूप, रक्कम आणि सही किंवा अंगठा असावा. रक्कम ५,००० रुपयांपेक्षा जास्त असल्यास एक रुपयाचे महसूल तिकीट लावून त्यावर सही घ्यावी. कामावर ठरलेल्या दराने मजुरी घेणाऱ्यांसाठी एक वही ठेवून त्यात किती नग, कोणता दर आणि किती रक्कम हे लिहिले, तर ती वही कोणत्याही सुट्या चिठ्ठीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते, कारण त्या नगांचा मेळ आपल्या विक्रीच्या बिलांशी घालता येतो. पाच हजार पत्रिकांचे बिल आणि पाच हजार पत्रिकांच्या घडीची मजुरी या दोन नोंदी एकमेकींना आधार देतात.

दहा हजारांची मर्यादा

एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिली, तर कलम ४०ए(३) प्रमाणे तो संपूर्ण खर्च अमान्य होतो. फक्त वरची रक्कम अमान्य होते असे नाही. मालवाहतूकदारासाठी ही मर्यादा ३५,००० रुपये आहे. त्याच दिवशी ४,००० रुपयांच्या तीन चिठ्ठ्या केल्या तरी त्यांची बेरीजच धरली जाते. मागच्या वर्षी उधारीवर घेतलेल्या आणि खर्चात धरलेल्या मालाचे पैसे या वर्षी मर्यादेपेक्षा जास्त रोखीने दिले, तर ती रक्कम या वर्षीचे उत्पन्न म्हणून धरली जाते. शेतकऱ्याकडून थेट शेतमाल घेणे यासारखे काही अपवाद नियमांत आहेत, पण कागद, शाई किंवा लोखंड घेणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही.

यंत्राच्या बाबतीत हाच नियम वेगळ्या रीतीने लागतो आणि तो मी नुकसान सोसून शिकलो. कागद कापण्याचे एक जुने यंत्र मी ८०,००० रुपयांना घेतले. विकणाऱ्याने रोखीचा आग्रह धरला, मीही ‘दोन हजार कमी करतो’ या बोलण्याला भुललो आणि पूर्ण रक्कम एकदम रोख दिली. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊन घेतलेल्या मालमत्तेची ती रक्कम तिच्या किमतीतच धरली जात नाही. त्यामुळे यंत्र रोज चालते, पण कराच्या हिशेबात त्याची किंमत शून्य आहे आणि यंत्रावर मिळणारा १५ टक्के घसारा मला एकाही वर्षी मिळाला नाही. बँकेतून दिले असते तर पहिल्याच वर्षी १२,००० रुपयांचा घसारा धरता आला असता.

घसाऱ्याचाच विषय निघाला म्हणून सांगतो, संगणकावर तो ४० टक्के आणि फर्निचरवर १० टक्के आहे, आणि वस्तू खरेदीच्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर त्या वर्षी निम्मा मिळतो. खरेदीची तारीख आणि वापर सुरू झाल्याची तारीख बिलावरच लिहून ठेवावी.

एकच खाते, दोन संसार

दुकानातील क्यूआर कोड घरच्या बचत खात्याला जोडलेला असणे हा हल्लीचा सर्वांत पसरलेला दोष आहे. त्याच खात्यातून मुलांची शाळेची फी, किराणा, कागदाच्या व्यापाऱ्याचे पैसे आणि गॅसचे बिल जाते. वर्षाच्या शेवटी दोन हजार नोंदींचा उतारा उलगडताना ज्या नोंदीचे कारण आठवत नाही, ती सावधगिरी म्हणून उचलीत टाकली जाते आणि खरा खर्च घरखर्च ठरतो. जमेच्या बाजूला उलट घडते. भावाने परत केलेले पैसे विक्री समजले जातात. यावर उपाय एकच आहे. व्यवसायाचे स्वतंत्र चालू खाते उघडावे, क्यूआर कोड त्याला जोडावा, आणि घरासाठी महिन्याला एक ठरावीक रक्कम उचल म्हणून एकदाच घरच्या खात्यात वळती करावी. मोबाइल किंवा गाडी दोन्हीकडे वापरली जात असेल तर व्यवसायापुरताच भाग मान्य होतो, म्हणून गाडीच्या फेऱ्यांची नोंद ठेवलेली बरी.

कर्जाच्या हप्त्यात जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. हप्त्यातील व्याज हाच खर्च आहे. मुद्दलाची परतफेड हा खर्च नाही. बँकेकडून वर्षाचे व्याज प्रमाणपत्र घेतल्याशिवाय ही विभागणी बरोबर होत नाही. वाहतुकीचा दंड आणि खुद्द आयकर यांची वजावट मिळत नाही. महाराष्ट्रातील व्यवसाय कराचे वर्षाचे २,५०० रुपये मात्र वजावटीस पात्र असतात, आणि ते प्रत्यक्ष भरलेले असावे लागतात. हे चलन हिशेबात लावायचे बहुतेक वेळा राहून जाते.

जीएसटी नोंदणी असलेल्यांनी खरेदीवरील कराचा परतावा घेतला असेल, तर खर्चात बिलाची कर वगळूनची रक्कम धरावी. नोंदणी नसलेला किंवा कंपोझिशन योजनेतील (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणारा, पण खरेदीवरील कराचा परतावा न मिळणारा) व्यावसायिक पूर्ण रक्कम खर्चात धरू शकतो. एकाच बिलाचे दोन्हीकडे लाभ घेतलेले असतील, तर ते जुळणी करताना उघड होते. विक्रीच्या बाजूनेही जीएसटी विवरणपत्रांतील उलाढाल आयकराच्या वार्षिक माहिती विवरणात दिसते, म्हणून दोन्ही आकडे जुळत नसतील तर फरकाचे कारण लेखी तयार ठेवावे.

उधारी आणि ३१ मार्च

२०२३-२४ पासून कलम ४३बी(एच) लागू झाले आहे. पुरवठादार हा सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला उत्पादक किंवा सेवा देणारा असेल, तर लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास त्यातील मुदतीत, परंतु जास्तीत जास्त ४५ दिवसांत, त्याचे पैसे द्यावे लागतात. मुदतीत पैसे दिले नाहीत आणि ते ३१ मार्चपर्यंतही दिले गेले नसतील, तर तो खर्च त्या वर्षी मान्य होत नाही. ज्या वर्षी पैसे दिले त्या वर्षी मिळतो. आमच्या धंद्यात कागदाचा घाऊक व्यापारी या नियमात येत नाही, कारण तो व्यापारी आहे; पण लॅमिनेशन किंवा बाइंडिंगचे काम करून देणारा छोटा कारखानदार येतो. त्याच्या बिलावर उद्यम क्रमांक, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून केलेल्या नोंदणीचा क्रमांक, आहे का, हे पाहण्याची सवय लावावी. मला हा नियम न्याय्य वाटतो, कारण बाइंडिंगवाल्याला तीन-तीन महिने थांबवून ठेवण्याची प्रथा आमच्याकडे फार जुनी आहे.

त्याच ३१ मार्चला शिल्लक माल मोजावा. अखेरचा साठा अंदाजाने जास्त लिहिला तर नफा तेवढाच वाढतो, कमी लिहिला तर पुढच्या वर्षी फटका बसतो. कागदाच्या रिमांची मोजणी अर्ध्या दिवसात होते. मोजलेला तक्ता सही करून ठेवावा. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी वही सुरू करण्याची पद्धत ज्यांनी जपली आहे, त्यांनी पूजा अवश्य करावी, पण जुन्या वहीची शिल्लक त्याच दिवशी नव्या वहीत ओढावी. वर्षाच्या मध्येच वही बदलल्यामुळे रोख शिल्लक तुटल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

गेलेल्या वर्षाचे काय करता येईल

विवरणपत्र अजून भरले नसेल तर बरेच परत मिळते. जीएसटी नोंदणी असलेल्यांना पुरवठादारांनी दाखवलेली बिले जीएसटीआर-२बी मध्ये दिसतात. महावितरणची मागील बिले संकेतस्थळावर मिळतात. टोलचा खर्च फास्टॅगच्या उताऱ्यात असतो. हरवलेल्या बिलाची दुसरी प्रत पुरवठादाराकडे मागण्यात संकोच करू नये. परंतु तेव्हा न केलेली मजुरीची व्हाउचरे आता मागच्या तारखेने बनवू नयेत. एकाच शाईने, एकाच हस्ताक्षरात लिहिलेली वर्षभराची व्हाउचरे पहिल्या नजरेत ओळखू येतात आणि त्यामुळे खऱ्या नोंदींवरचा विश्वासही जातो. भरलेल्या विवरणपत्रात खर्च राहिला असेल, तर मुदतीत सुधारित विवरणपत्र भरावे. ती मुदत टळल्यावर अद्ययावत विवरणपत्राने ही चूक सुधारता येत नाही, कारण त्याद्वारे कर कमी करून घेता येत नाही.

कागद टिकवण्याविषयी एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट सांगायची राहिली. पेट्रोल पंपावरील आणि कार्ड यंत्रातील चिठ्ठ्या उष्णतेवर उमटणाऱ्या कागदावर असतात आणि काही महिन्यांत कोऱ्या पडतात. त्यांचे छायाचित्र त्याच दिवशी काढून महिन्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावे. १९६१ च्या कायद्याखालील नियमांत पुस्तके व बिले संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षे जपण्याची अट आहे, आणि जीएसटीची मुदत वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने आहे. यंत्राचे बिल मात्र त्यावर घसारा चालू आहे तोवर काढून टाकू नये. आमच्याकडे अशा बिलांची एक स्वतंत्र फाइल असून तीत सर्वांत जुने बिल पहिल्या संगणकाचे आहे.